बोलायचं, पण हात वर करायचा नाही

आमच्या बिल्डिंगमध्ये ज्यांना सगळे 'एजी' म्हणत ते कधीच एजी नव्हते, आणि हा खुलासा केल्याशिवाय ते कोणाच्या घरी चहा घेत नसत. एजी म्हणजे ॲडव्होकेट जनरल, मराठीत महाधिवक्ता. राज्याचा सगळ्यात वरचा वकील. "मी त्यांच्या हाताखालच्या अनेक सरकारी वकिलांपैकी एक होतो," ते सांगत. "कोर्टात एजींच्या मागे बसायचो. लागेल ते पुस्तक पुढे करायचो. कधी कधी त्यांचा चष्माही शोधून द्यायचो." एवढं सांगून झालं की कप उचलत. पुढच्या वेळी कोणीतरी पुन्हा "या, एजीसाहेब" म्हणे आणि खुलासा पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. मी त्यांना वकीलसाहेब म्हणायचो, त्यामुळे आमच्याकडे त्यांचा चहा गरम असतानाच पिऊन व्हायचा.

आम्ही जुबैलला राहायचो. आमची कंपनी कंत्राटदार. मोठे पेट्रोकेमिकल प्लांट दुरुस्तीसाठी काही आठवडे बंद ठेवतात, त्याला शटडाऊन म्हणतात. त्या काळात आमची माणसं आत घुसून पाइप बदलायची, टाक्या साफ करायची, इन्सुलेशन करायची. मी प्लॅनिंग इंजिनिअर, मूळचा नाशिकचा. कुठलं काम कधी सुरू होणार आणि कधी संपणार हे मी आखायचो, आणि ते तसं का झालं नाही हे नंतर सगळ्यांना समजावून सांगायचो. आमचे प्रोजेक्ट मॅनेजर पुण्याचे. त्यांना सगळे राजाभाऊ म्हणत. वकीलसाहेबांना जुबैलला आणलं ते राजाभाऊंनीच. वकीलसाहेब त्यांच्या थोरल्या भावाचे कॉलेजमधले मित्र. मुंबईत सरकार बदललं, सरकारी वकिलांची यादी बदलली, तिच्यातून यांचं नाव गेलं. बायको आधीच वारलेली, मुलगा कॅनडात. सुट्टीवर गेलेल्या राजाभाऊंनी डोंबिवलीला त्यांच्या घरी बसून सांगितलं, "इथे एकटे काय करता? आमच्याकडे करार वाचून सांगेल असा माणूस नाही. चला." आणि साठीला टेकलेला हा गृहस्थ कोर्टातला काळा कोट घेऊन सौदी अरेबियात आला.

कोट नुसता आणला नाही, घातला. ऑफिसमध्ये एसी इतका कडक असायचा की तिथे कोणाला नवल वाटायचं नाही. पण ते ऑगस्टमध्येही कोट घालूनच बाहेर पडत, पार्किंगपर्यंत चालत, भाजी आणायला जात. एकदा आम्ही दम्मामला जेवायला गेलो होतो. शेजारच्या टेबलावरच्या एका सौदी कुटुंबाने त्यांना हॉटेलचा माणूस समजून पाणी मागितलं. वकीलसाहेब उठले, काउंटरवरून पाण्याच्या बाटल्या आणल्या, टेबलावर ठेवल्या आणि परत येऊन बसले. मी म्हणालो, "अहो, सांगायचं ना त्यांना." ते म्हणाले, "कशाला? तहान खरी होती."

त्यांना मत विचारणं सोपं नव्हतं. माझ्या बायकोने, मंजिरीने, एकदा सहज विचारलं, "आमटी बरी झालीय का?" त्यांनी चमचा खाली ठेवला. "वहिनी, तुम्ही अभिप्राय मागताय की कौतुक?" मंजिरी म्हणाली, "कौतुक." "उत्तम झालीय," ते म्हणाले आणि जेवू लागले. नंतर आठवडाभर मंजिरी प्रत्येक आमटी चाखून मला विचारत होती की काय कमी असेल.

न विचारता मात्र ते काहीच सांगत नसत. राज्याचा वकील आपणहून मंत्रालयात जाऊन सल्ले वाटत फिरत नाही, त्याला विचारावं लागतं, असं त्यांचं म्हणणं. आणि विचारलं की आधी समोरच्याची बाजू सांगत. घरमालकाविरुद्ध तक्रार घेऊन गेलात तर पहिली दहा मिनिटं घरमालकाची. माझी मुलगी सई इथल्या इंडियन स्कूलमध्ये शिकते. वादविवाद स्पर्धेसाठी तिने त्यांची मदत घेतली. "अंकल, व्हूज साइड आर यू ऑन?" ती वैतागून विचारायची. "तुझ्याच," ते मराठीत उत्तर द्यायचे, "म्हणून तर त्यांचं आधी ऐक." स्पर्धेत तिने विरोधी बाजू इतकी छान मांडली की तिला स्वतःची बाजू मांडायला वेळच उरला नाही. बक्षीस विरोधी गटाला मिळालं. वकीलसाहेबांनी तिला आइस्क्रीम खायला नेलं आणि परीक्षकांचा निर्णय कसा योग्य होता ते वाटेत समजावून सांगितलं.

अरबी त्यांना फारसं आलं नाही. 'मुमकिन' हा शब्द मात्र आवडायचा; होईलही आणि नाहीही, वकिलाच्या कामाचा शब्द, असं म्हणत. 'खलास' आवडत नसे. ड्रायव्हर, दुकानदार, एचआरचा माणूस, सगळे बोलणं संपवताना हात झटकून खलास म्हणतात. हे मागे वळून म्हणत, "असं कसं खलास? अपील असेल ना!"

शुक्रवारी आम्ही काही मराठी कुटुंबं कोणाच्या तरी घरी जमायचो. डबे एकत्र, मुलं एकत्र, आणि वर्षातून एकदा सहल कुठे न्यायची यावर भांडण. समुद्रावर की खजुराच्या बागेत, हा आमचा कायमचा वाद. वकीलसाहेब उभे राहून दोन्ही बाजूंनी बोलत आणि मतदानाची वेळ आली की हात मांडीवर ठेवून बसत. पहिल्यांदा सगळ्यांना वाटलं, लक्ष नाही. राजाभाऊ म्हणाले, "अहो, हात वर करा, एका मताने अडलंय."

"मला बोलायचा अधिकार आहे, मत द्यायचा नाही."

"कोण म्हणतं?"

"आपली राज्यघटना. एजी विधानसभेत जाऊन बोलू शकतो. मतदान करू शकत नाही."

"पण तुम्ही एजी नव्हता!"

"तेच तर मी रोज सांगतो. पण पद्धत चांगली आहे. ज्याने सल्ला द्यायचा त्याने हात वर केला की त्याचा सल्ला कोणी ऐकत नाही, तो कुठल्या बाजूचा एवढंच बघतात." त्या हिवाळ्यात सहल निघालीच नाही.

ही सगळी गंमत कुठून आली ते मला एकदा त्यांनी सांगितलं, कतीफच्या मासळी बाजाराबाहेर गाडीत बसून. मी पापलेट घ्यायला थांबलो होतो. ते शाकाहारी, त्यामुळे काच वर करून बसलेले. मी परत आलो, गाडी सुरू केली आणि विचारलं, "तुम्ही एजींचं नाव इतकं काढता, असं काय केलं होतं त्यांनी?"

वकीलसाहेब तरुण असताना त्यांच्याकडे एक साधं प्रकरण आलं होतं. एका कैद्याची शिक्षा भोगून झाली होती तरी तो तुरुंगात होता. त्याच्या बायकोने हायकोर्टात अर्ज केला. खात्याने उत्तर तयार करून पाठवलं, की कैद्याची वागणूक वाईट होती म्हणून शिक्षेतली सूट रद्द झाली. वकीलसाहेबांनी तुरुंगाच्या अधिकाऱ्याला समोर बसवून नीट विचारलं तेव्हा कळलं की तसं काही नव्हतं. त्याला सोडायचं राहून गेलं होतं, बस. आता चूक कबूल केली तर मंत्र्यांवर प्रश्न येणार, म्हणून हे उत्तर. वकीलसाहेब घाबरत एजींकडे गेले. एजींनी ऐकून घेतलं आणि एवढ्या लहान प्रकरणात दुसऱ्या दिवशी स्वतः उभे राहिले. म्हणाले, राज्याची चूक झाली आहे, या माणसाला आज सोडतो, आणि त्याला भरपाई काय द्यायची ते कोर्टाने सांगावं.

"मंत्र्यांचा फोन आला," वकीलसाहेब म्हणाले. "मी तिथेच उभा होतो. एजी फोनवर म्हणाले, साहेब, मी तुमचा वकील नाही. मी राज्याचा वकील आहे. तो तुरुंगातला माणूसही राज्यातच राहतो. आणि फोन ठेवून मला म्हणाले, माझा चष्मा कुठाय?"

गाडीत माशांचा वास भरला होता. त्यांनी काच खाली केली.

इब्राहिम पडला ती सकाळ मला स्पष्ट आठवते. आम्ही एका प्लांटच्या शटडाऊनच्या शेवटच्या टप्प्यात होतो. इब्राहिम श्रीवर्धनकडचा, आमच्याकडे इन्सुलेशनचं काम करायचा. कोकणातली त्याच्या गावाकडची बरीच माणसं इथे आहेत, आणि त्याच्याशी मराठीत बोलता यायचं म्हणून माझी त्याची ओळख होती. उंचावर परांचीवरून काम करताना तो तोल जाऊन खाली आला. मधल्या एका आडव्या पाइपवर आपटला म्हणून वाचला, पण कंबर आणि पाय मोडला. अँब्युलन्स गेली. मग कोणीतरी म्हणालं, "हार्नेस होता ना अंगावर?" होता. "मग हुक?" हुक लावलेला नव्हता.

राजाभाऊंनी चौकशी बसवली. दोन दिवसांत कंपनीची भूमिका ठरली: कामगाराने सुरक्षा पट्टा घातला होता, पण हुक अडकवला नव्हता, नियम मोडला. मला समितीपुढे फक्त त्या दिवशीचं कामाचं वेळापत्रक सांगायला बोलावलं. तिथेच बसलेले वकीलसाहेब कंपनीच्या कागदावर नजर टाकून म्हणाले, "मी इब्राहिमला भेटू का?"

"तुम्ही कशाला?" राजाभाऊ म्हणाले. "तो समोरची पार्टी आहे."

"म्हणूनच."

आम्ही दोघं हॉस्पिटलमध्ये गेलो. इब्राहिमच्या पायाला वजन लावून ठेवलं होतं. कोटातला माणूस पाहून तो आधी घाबरला, कोणी सरकारी आहे असं वाटलं त्याला. मी मराठीत बोललो तेव्हा सावरला.

"भरपाईचं मी काही म्हणत नाही साहेब," तो म्हणाला. "घरी बायकोला कोणीतरी फोन करून सांगितलंन, तुझा नवरा बेफिकीर होता, म्हणून पडला. वीस वर्सं वर चढतोय मी. खोटा कशाला बोलू? हुक माझे हातात होता. अडकवायचा कुठे? तिथली लाइफलाइन आदल्या दिवशी काढून नेलेली."

लाइफलाइन म्हणजे उंचावर ताणून बांधलेला पोलादी दोर. हार्नेसचा हुक त्यालाच अडकवतात. वकीलसाहेबांनी दोनतीन प्रश्न विचारले, त्याच्या उशाशी पाण्याचा ग्लास सरकवला आणि उठले. आम्ही खाली पार्किंगमध्ये आलो. मग म्हणाले, "इंजिनिअर, मला वर जायचंय."

"कुठे वर?"

"तो होता तिथे."

मी खूप समजावलं. फोटो दाखवतो म्हणालो. त्यांना जिन्याने तिसऱ्या मजल्यावर जातानाही धाप लागायची. पण ऐकेनात. साइटवर सेफ्टीवाल्याने कोट काढायला लावला. हेल्मेट, निळा कव्हरॉल, बूट, हार्नेस. कोटाशिवाय मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. खूप लहान दिसले. चढताना ते मध्येच थांबले, डोळे मिटून म्हणाले, "काहीतरी बोलत राहा." मला काही सुचेना, म्हणून मी आजूबाजूच्या पाइपांची नावं सांगत सुटलो. ही वाफेची लाइन, ही थंड पाण्याची, ही नायट्रोजनची. "नायट्रोजनची कशाला असते?" ते डोळे मिटूनच विचारत, आणि मी सांगत असेपर्यंत आणखी दोन पायऱ्या चढत.

इब्राहिम उभा होता तिथे आता आम्ही दोघं उभे होतो. आमच्यासाठी सेफ्टीवाल्याने वेगळा दोर बांधला होता. वकीलसाहेबांनी स्वतःचा दुसरा मोकळा हुक हातात घेतला आणि हात पोचेल तिथे तिथे अडकवून पाहिला. समोर जाड इन्सुलेशनचे पाइप. हुक कशालाच बसेना. पलीकडच्या खांबांवर दोराचे क्लँप तेवढे राहिले होते.

"मी इथे कामगार आहे," ते म्हणाले. "माझ्याकडे हुक आहे, अडकवायला जागा नाही. मी काय करायचं?"

"काम थांबवायचं आणि फोरमनला सांगायचं."

"फोरमन काय म्हणाला असता?"

शटडाऊन ईदच्या आत संपवायचं होतं.

"'यल्ला' म्हणाला असता," मी म्हणालो. चल, उरक लवकर. यापेक्षा दुसरं कोणी काही म्हणत नव्हतं त्या दिवसांत.

लाइफलाइन राजाभाऊंनीच काढायला सांगितली होती. पलीकडच्या युनिटवर दोर कमी पडत होता आणि इथलं काम संपलं अशी त्यांची समजूत होती. हे आम्हाला फोरमनकडून कळलं. लपवलेलं नव्हतं, कोणी विचारलंच नव्हतं. संध्याकाळी वकीलसाहेब राजाभाऊंच्या घरी गेले. मला म्हणाले, तुम्हीही चला, नंतर कोणी म्हणायला नको की मी बंद दाराआड काही बोललो.

राजाभाऊंनी सगळं ऐकलं. "मी लिहिलंय ते खोटं आहे का?" ते म्हणाले. "त्याने हुक लावला नव्हता. लावला होता का?"

"नव्हता. वाक्य खरं आहे. पण वाचणारा त्यातून जे समजेल ते खोटं आहे. कोर्टात असं वाक्य घेऊन मी उभा राहणार नाही आणि कंपनीलाही उभं राहू देणार नाही."

"तुम्ही कंपनीचे वकील आहात!"

"हो. तुमचा नाही, राजाभाऊ."

आतून राजाभाऊंच्या पत्नी पाण्याचा ट्रे घेऊन येत होत्या, त्या दारातच थांबल्या.

"मी तुम्हाला इथे आणलं," राजाभाऊ म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, ते जास्त वाईट वाटलं. "डोंबिवलीत भिंतीकडे बघत बसला होता तुम्ही. माझ्या मुलीचं लग्न तोंडावर आलंय. आता हे मालकाला सांगणार?"

"विचारलं तर सांगणार. म्हणून आधी तुमच्याकडे आलो. तुम्ही स्वतः सांगितलंत तर मला बोलायची वेळच येणार नाही."

राजाभाऊंनी दार उघडलं आणि आम्ही बाहेर पडलो. लिफ्टमध्ये वकीलसाहेबांनी तळमजल्याऐवजी वरचं बटण दाबलं.

मालक सौदी, वयस्कर माणूस, अबू राशिद म्हणत त्यांना. बोलायचे थोडं, इंग्रजीत. बैठकीला राजाभाऊ होते, प्रशासन बघणारा मॅनेजर होता, वेळापत्रक घेऊन मी होतो. राजाभाऊंनी आपली बाजू मांडली, दोराचं नाव काढलं नाही. अबू राशिदनी वकीलसाहेबांकडे पाहिलं. "कामगाराने दावा केला तर आपण जिंकू?"

वकीलसाहेबांनी सवयीप्रमाणे आधी राजाभाऊंची बाजू सांगितली, राजाभाऊंपेक्षा चांगली. मग म्हणाले, "पण आपण हरू. आणि हरायलाच हवं." आणि वरची परिस्थिती सांगितली. दोर कोणी काढला हे विचारल्यावर तेही सांगितलं.

अबू राशिद बराच वेळ हातातली जपमाळ फिरवत राहिले. "तू पगार कोणाचा घेतोस?"

"तुमच्या कंपनीचा. म्हणून तुम्हाला आवडेल ते सांगू शकत नाही."

मला वाटलं, झालं, यांचं तिकीट निघालं. अबू राशिदनी जपमाळ खिशात टाकली आणि प्रशासनवाल्याला सांगितलं, कामावरचा अपघात म्हणून नोंदवा, उपचार पूर्ण करा, बरा होईल तेव्हा त्याला जमिनीवरचं काम द्या. मग जाताजाता म्हणाले, त्याच्या घरी कोणी फोन केला होता? त्यांना पुन्हा फोन करा. नीट सांगा. तो फोन मी केला, वकीलसाहेब शेजारी बसून ऐकत होते. पलीकडे इब्राहिमची बायको सगळं ऐकून म्हणाली, "सासऱ्यांना द्येते, त्यांनाच सांगा. त्यांनी चार दिवस कोणाशी बोलणं टाकलंनी."

राजाभाऊंनी वकीलसाहेबांशी बोलणं टाकलं ते त्या दिवसापासून. शुक्रवारच्या जेवणात एका खोलीत असत, पण कोशिंबिरीचं भांडंसुद्धा तिसऱ्याच्या हातून एकमेकांकडे जाई. आम्हा बाकीच्यांतही दोन तट पडले. बरेचजण म्हणत, माणूस बरोबर असेल, पण उपकाराची जाण नाही. वकीलसाहेबांनी त्यावर काही म्हटलं नाही. त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

प्रकरण एवढ्यावर थांबलं नाही. गंभीर अपघात म्हणून त्याची दखल इथल्या सरकारी वकिलांच्या कचेरीनेही घेतली होती. तिला इथे नियाबा म्हणतात. तिच्या प्रमुखाचं पद इंग्रजीत ॲटर्नी जनरल, म्हणजे पुन्हा एजीच, असं लिहितात, हे कळल्यावर वकीलसाहेब लहान मुलासारखे खूश झाले होते. "पण काम वेगळं," ते म्हणायचे. "इथले तपास करतात, खटला भरतात. आपले सल्ला देतात आणि राज्याच्या वतीने उभे राहतात." तर नियाबाकडून राजाभाऊंना चौकशीला बोलावणं आलं, आणि चौकशी संपेपर्यंत देश सोडायला बंदी. मुलीचं लग्न पुण्यात ठरलेलं, हॉल घेतलेला, पत्रिका वाटलेल्या.

प्रशासनाच्या मॅनेजरने मालकाला सोपा रस्ता सुचवला. दोर राजाभाऊंनी काढायला लावला, हे आता आपणच मान्य केलंय. मग ही त्यांची वैयक्तिक चूक. कंपनीने बाजूला व्हावं, त्यांनी स्वतःचा वकील करावा. अबू राशिदनी पुन्हा वकीलसाहेबांना बोलावलं. या वेळी मी नव्हतो, पण प्रशासनवाल्यानेच मला नंतर सांगितलं, जरा रागातच.

वकीलसाहेब म्हणाले होते, "त्याने दोर स्वतःच्या घरी नेला नाही. तुमच्या कामावरून तुमच्याच कामावर नेला. ईदच्या आत संपवा, हे त्याला कोणी सांगितलं होतं? चूक त्याची आहे, घाई तुमची होती. तुमचा अधिकारी तुमचं काम करताना चुकला तर त्याच्यामागे उभं राहणं तुमचं काम आहे. आज सोडलंत तर उद्या तुमच्याकडे एकही माणूस कशावर सही करणार नाही."

"पण तूच त्याच्याविरुद्ध बोललास," अबू राशिद म्हणाले.

"नाही. तेव्हा कामगारावर खोटा ठपका येत होता, आता यांच्यावर जास्तीचा येतोय. दोन्ही वेळा मी कंपनीच्या बाजूनेच बोललो."

कंपनीने आपला सौदी वकील दिला, एक तरुण, हुशार मुलगा. वकीलसाहेबांना तिथे उभं राहून बोलायची परवानगी नव्हती, भाषाही नव्हती. त्यांनी त्या मुलाला रोज ऑफिसमध्ये बसवून तयार केलं. आधी नियाबाची बाजू, मग आपली. चौकशीच्या दिवशी मी इब्राहिमला घेऊन गेलो. तो कुबड्यांवर चालायला लागला होता. बाहेरच्या बाकावर राजाभाऊ बसले होते आणि त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला वकीलसाहेब, कोटाची सगळी बटणं लावून. दोघंही समोरच्या भिंतीकडे बघत होते.

इब्राहिमला आत बोलावलं. बाहेर आल्यावर त्याने मला सांगितलं, "मी बोललो, माझी काही तक्रार नाय. साहेबांनी मला पाडला नाय, दोर नव्हता म्हणून पडलो. माझ्यावर आळ होता, तो गेला, मला पुरे." जाताना तो राजाभाऊंसमोर थांबला, कुबडी काखेत धरून सलाम केला. राजाभाऊ उभे राहिले. त्यांना काहीतरी बोलायचं होतं, पण "जेवलास का?" एवढंच विचारलं.

ठपका कंपनीवर आला, सुरक्षेबद्दल ताकीद मिळाली, राजाभाऊंवरची बंदी उठली. साखरपुडा त्यांच्याविना झाला, लग्नाला ते पोचले. परत आल्यावर त्यांनी ऑफिसमध्ये सगळ्यांना पेढे वाटले. वकीलसाहेबांच्या टेबलावर पेढ्याचा खोका त्यांनी ऑफिस बॉयच्या हाती पाठवला. वकीलसाहेबांनी एक पेढा घेतला आणि बाकीचे त्यालाच खायला सांगितले. मला राग आला. मी म्हणालो, "या माणसासाठी तुम्ही एवढं केलंत, आणि दोन शब्द बोलत नाही तो."

"त्याच्यासाठी कुठे केलं?" ते म्हणाले, अगदी साधेपणाने. "पण पेढा चांगला आहे हो."

पुढच्या वर्षी कंपनीने करारांचं काम रियाधच्या ऑफिसकडे दिलं आणि वकीलसाहेबांची नेमणूक वाढवली नाही. मला वाटलं, ते दुखावतील. ते म्हणाले, एजीसुद्धा राज्यपालांची मर्जी असेपर्यंतच पदावर असतो, उद्या नको म्हणाले की फायली बांधायच्या. आणि शांतपणे इकामा, म्हणजे इथला राहण्याचा परवाना, रद्द करायच्या मागे लागले. निरोपाला आमच्या गटाने जेवण केलं. त्यांनी भाषण केलं नाही, कारण कोणी करायला सांगितलं नाही. आम्हा सगळ्यांना वाटलं, दुसरा सांगेल.

विमानतळावर त्यांना सोडायला मी जाणार होतो. सकाळी खाली उतरलो तर बिल्डिंगसमोर राजाभाऊंची गाडी उभी. पुढच्या सीटवर इब्राहिम, पाय पसरून. तो आता सामानाच्या गोदामात काम करत होता. राजाभाऊंनी त्याला कामगारांच्या कॅम्पवरून वाटेत घेतलं होतं. मला बघून राजाभाऊ म्हणाले, "तुमची गाडी राहू दे. याच गाडीतून जाऊ."

वकीलसाहेब कोट घालून जिन्यातून बाहेर आले. त्यांनी गाडी पाहिली, माणसं पाहिली आणि मागच्या सीटवर माझ्या शेजारी बसले. दम्मामचा विमानतळ येईपर्यंत इब्राहिमच बोलत होता, त्याच्या मुलाला बारावीला किती पडले, गावात पाऊस कसा झाला. राजाभाऊ रस्त्याकडे बघून गाडी चालवत होते.

टर्मिनलसमोर मी डिकी उघडली. एक लहान बॅग आणि एक मोठी जुनी सुटकेस. वकीलसाहेब सुटकेसला हात घालणार तेवढ्यात राजाभाऊ मध्ये आले.

"थांबा. मी घेतो."

त्यांनी ती उचलली आणि कण्हत परत खाली ठेवली. "काय भरलंय यात? दगड?"

"हायकोर्टाचे निकाल," वकीलसाहेब म्हणाले. "येताना आणले होते."

"एवढे? आणि इथे एकदा तरी उघडलेत का?"

"नाही."

राजाभाऊ हसायला लागले. हसता हसता त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले, मग सुटकेस दोन्ही हातांनी उचलून छातीशी धरली आणि काचेच्या दाराकडे चालायला लागले. वकीलसाहेब मोकळ्या हातांनी त्यांच्या मागोमाग, "अहो, कंबर सांभाळा, ट्रॉली आहे इथे," असं कोणी न विचारता सांगत आत गेले.